पाहुण्यांची तोटी

उंद्री, ता. चिखली
१२ जानेवारी १९६४

प्रिय जानराव,

सप्रेम नमस्कार. दिवाळीपासून तुला तीन कार्डं टाकली, एकाचंही उत्तर नाही. खामगावच्या कापूस जिनिंगमध्ये मी वजनकाट्यावर आणि तू फिटर, अशी बावीस वर्षं आपण काढली. त्या बावीस वर्षांत माझं डोकं खाल्ल्याशिवाय तू एक दिवस सोडला नाहीस, आणि आता एक कार्ड जड झालं होय रे? केसरवहिनी गेल्याचं दुःख मला कळतं. पण दुःखातही माणसानं चार ओळी लिहाव्यात.

माझं म्हणशील तर रिटायर होऊन गावी आल्यापासून मी घरात नुसती जागा अडवून होतो. गोजरबाई ओसरी झाडायला लागली की मी अंगणात, ती अंगणात सडा टाकायला आली की मी परत ओसरीवर. एक दिवस ती म्हणाली, "तुमी खामगावले व्हते तवा घर कसं मोकळं वाटे." 

पण आता माझी सोय लागली आहे. पंचायत समितीनं आमच्या गावाला टिनाचं एक शेड आणि सुतारकामाच्या हत्यारांची पेटी दिली. योजना होतकरू तरुणांसाठी आहे. तरुण पहिल्या दिवशी आले, पेढे खाऊन गेले, ते आजतागायत आलेले नाहीत. त्यांच्या जागी आम्ही जायला लागलो. सरपंच उकंडराव, दयाराम, त्याचा भाऊ, मी, असे आता शिकवणारा धरून एकोणीस जण आहोत. सगळ्यांत होतकरू जो आहे तो बावन्न वर्षांचा. मला अध्यक्ष केलं आहे, कारण मला इंग्रजीत सही येते.

शिकवायला आमचा शालिग्राम मिस्त्री. त्याचा नियम एकच: "रिकाम्या हातानं कोणी यायचं नाई. घरचं मोडकं घेऊन या, मंग बसा." मी आमचा पाट घेऊन गेलो होतो. चार दिवस खपून नीट केला. आता तो पूर्वीपेक्षा जास्त डुगडुगतो, पण मला रात्री झोप चांगली लागते.

शेडात लाकूड पकडून आवळायचा लोखंडी शेगडा आहे, तो कुणाला चालवता येत नाही. तू ये. महिनाभर राहा. तुझ्यासारखा हात इथे एकाचाही नाही.

तुझा,
उत्तमराव

---

साखरखेर्डा
२५ जानेवारी १९६४

प्रिय उत्तमराव,

सप्रेम जयभीम. तुझी कार्डं पोचली होती. उत्तराला सवड झाली नाही. मी मजेत आहे. सकाळी उठतो, रात्री झोपतो, मधला वेळ कामात जातो. मुलगा नाशिकला बोलावतो, पण तिथली हवा मला मानवत नाही. स्वयंपाक एकदाच करतो, दोन वेळा पुरतो.

तू अध्यक्ष झालास हे वाचून आनंद झाला. जिनिंगमध्ये तुला सरळ खिळा ठोकता येत नव्हता. आता खिळ्यांचंच अध्यक्षपद भूषवतोस म्हणजे प्रगती आहे.

येणं जमेलसं वाटत नाही. माझ्या घरी मोडकं काही नाही, तेव्हा शालिग्रामच्या नियमात मी बसत नाही.

एक सहज विचारतो. शेडात पाण्याची सोय कशी आहे?

गोजरवहिनींना नमस्कार.

जानराव

---

उंद्री
१७ फेब्रुवारी १९६४

प्रिय जानराव,

सप्रेम नमस्कार. पाण्याचं विचारलंस ते बरं केलंस. तुला उन्हाळ्याची काळजी वाटत असणार. सोय एकदम फर्मास आहे. उकंडरावांनी नवा कोरा रांजण दिला आहे. त्यात वाळा टाकतो. चिखलीच्या हॉटेलात मिळणार नाही असं गार पाणी. तेव्हा ती चिंता सोड.

चिंता वेगळीच उभी राहिली. गावातलं मोडकं सामान जानेवारीअखेर संपलं! मग लोकांनी काय करावं? दयारामनं एकच स्टूल तीनदा आणलं, दर वेळी वेगळा पाय मोडलेला. उकंडरावांना पन्नास एकर ओलीत, दारात दोन गडी. त्यांनी स्वतःच्या हातानं नव्या पलंगाचा पाय मोडला आणि गड्याच्या डोक्यावर देऊन वाजतगाजत शेडात आणला. मी अध्यक्ष आहे, म्हणून फक्त पोळपाट फोडला.

आठ दिवसांपूर्वी बायकांचं शिष्टमंडळ आलं. पुढे उकंडरावांच्या सत्यभामाबाई. त्या म्हणाल्या, "मिस्त्री, पलंगाचा पाय आपोआप मोडते का? इथं बसाचं अशीन तर बसा म्हना, पन माहं घर मोडू नका. याइले रिकाम्या हातानं येऊ द्या."

शालिग्राम रंधा मारता मारताच म्हणाला, "मंग येतीन का ते, बाई? नुसतं बसाले जाऊन राह्यलो म्हनाची लाज वाटते त्याइले."

बाकी अठरा माणसं खाली मान घालून लाकूड घासत राहिली.  जानराव, खरं आहे ते.

दयाराम आणि त्याचा भाऊ शेताच्या धुऱ्याच्या भांडणावरून नऊ वर्षं बोलत नव्हते. शालिग्रामनं दोघांना मोठ्या करवतीच्या दोन टोकांना बसवलं. पहिले तीन दिवस नुसती करवत बोलली. चौथ्या दिवशी एक म्हणाला "ओढ", दुसरा म्हणाला "सोड". परवा दयाराम त्याला "तुह्या पाठीले तेल लावत जाय" म्हणाला. आम्ही सगळ्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

विस्तार अधिकारी जीपमधून तपासणीला येऊन गेले. "उत्पादन काय?" म्हणाले. आम्ही त्यांना आमच्या स्टुलावर बसवलं. उठून कपडे झटकल्यावर त्यांनी वहीत शेरा लिहिला: "प्रशिक्षणार्थी वयाने प्रौढ परंतु उत्साही. केंद्र सर्व जातिधर्मांस खुले असल्याचे पाहून समाधान वाटले." उकंडरावांनी तो शेरा फ्रेम करायला मला लाकूड कापायला सांगितलं. फ्रेम चौकोनी होत नाहीये.

तू कधी येतोस ते कळव.

उत्तमराव

---

साखरखेर्डा
२ मार्च १९६४

प्रिय उत्तमराव,

सप्रेम जयभीम. तुझं पत्र दोनदा वाचलं. पोळपाटाबद्दल वहिनींचं सांत्वन करतो.

अधिकाऱ्यांचा शेराही वाचला. खुलं असल्याचं त्यांनी कशावरून पाहिलं असेल? दाराला कडी नव्हती, त्यावरूनच असावं.

वाळ्याचं गार पाणी ऐकून बरं वाटलं. त्या रांजणातून पाणी काढून कोण देतं?

माझं येणं होणार नाही. गुडघे दुखतात. शिवाय बोलण्याची सवय मोडली आहे. काल दुकानात काडेपेटी मागितली तर आवाजच उमटला नाही. दुकानदाराला वाटलं मी मुका आहे. त्यानं हातवारे करून पैसे मागितले. मीही हातवारे करूनच दिले. गंमत झाली.

जानराव

---

उंद्री
२९ मार्च १९६४

प्रिय जानराव,

हे पत्र चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहितो आहे.

तुझं पत्र मी नेहमीप्रमाणे गोजरबाईला वाचून दाखवलं. काडेपेटीच्या गोष्टीवर मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, "वाचा पुन्हा. ते पान्याचं काय लिवलं?" मी वाचलं. म्हटलं, काढून कोण देणार, ज्याला तहान लागते तो बुडवून घेतो.

ती म्हणाली, "तुमाले खरंच समजून नाई राह्यलं का वो? भाऊजी दोनदा पानी काऊन इचारून राह्यले?"

मी पत्र उलटून पाहिलं. मग तीच म्हणाली, "आपल्या पोरीच्या, कोकिळेच्या लग्नात आलते ते. केसरबाई संग व्हती. कुठं बसवलं व्हतं त्याइले?"

जानराव, मला आठवेना. खरं सांगतो, आठवेना. तिला सगळं आठवत होतं. गोठ्याच्या बाजूला, वेगळ्या पंगतीत. पत्रावळी लांबून वाढल्या. ती म्हणाली, "आन पानी मी ओतलं व्हतं. वरून. दोघाइच्या ओंजळीत. मीच ओतलं." आणि ती पदर तोंडाला लावून आत गेली.

जिनिंगमध्ये तू आणि मी एका नळाला तोंड लावून पाणी प्यायलो. तुझ्या डब्यातली अंबाडीची भाजी मी न विचारता खाल्ली. मला वाटायचं, आपल्यात तसलं काही नाहीच. खामगावात नव्हतं. गावची वेस ओलांडली की मी दुसरा माणूस होत होतो आणि मला पत्ताच नव्हता. त्या लग्नानंतरच्या तेरा वर्षांत तू एका शब्दानं बोलला नाहीस. मला फार लाज वाटते आहे.

दुसऱ्या दिवशी मी शेडात विषय काढला. उकंडराव म्हणाले, "आपल्या इथं भेदभाव हायेच कुठं? आजपावतर कोनी आलंच नाई तर भेदभाव कराचा कोनासंग?" सगळ्यांनी मान डोलावली. मी म्हटलं, माझा मित्र येणार आहे, बौद्ध आहे, आणि तो इतरांसारखंच पाणी घेईल. सगळे रंधे पुन्हा जोरात चालू झाले.

शेवटी तोडगा निघाला. आपण कारागीर माणसं, तेव्हा कारागिरीनंच प्रश्न सोडवायचा असं ठरलं. रांजणाला खाली भोक पाडून पितळी तोटी बसवली! शालिग्राम नको म्हणत होता, पण बाकी अठरा जण आठ दिवस खपले. कापूस आणि डांबर भरून भोक पक्कं केलं. आता कुणाला हात बुडवायलाच नको. तोटी फिरवली की पाणी. वर शालिग्रामकडून पाटी कोरून घेतली: "पाहुण्यांसाठी". सभासद आपले सवयीप्रमाणे वरूनच घेतात.

तेव्हा आता कसलीच अडचण उरली नाही. सोमवारच्या गाडीनं ये.

उत्तमराव

---

साखरखेर्डा
६ एप्रिल १९६४

उत्तमराव,

पत्र पोचलं. तोटी बसवली ती माझ्यासाठी की रांजणासाठी?

अठरा माणसं आठ दिवस खपली. कशासाठी, तर माझा हात तुमच्या पाण्याला लागू नये आणि तसं म्हणावंही लागू नये. एवढी कारागिरी मी जिनिंगच्या इंजिनात पाहिली नाही. अधिकाऱ्यांना बोलावून दाखवा. उत्पादन विचारत होते ना ते? आम्ही बौद्ध झालो त्याला साडेसात वर्षं झाली. रांजणाला अजून कुणी कळवलेलं दिसत नाही.

आता कोकिळेच्या लग्नाचं. तुला आठवत नव्हतं, हे मी खरं मानतो. ज्यानं ओतलं त्याला विसरता येतं. वहिनी विसरल्या नाहीत, हे मला माहीत नव्हतं.  परत येताना बैलगाडीत केसर म्हणाली, "भाजी चांगली व्हती." एवढंच. त्यावर पुन्हा कधी बोलली नाही. मीही बोललो नाही, कारण सोमवारी मला तुझ्या शेजारी कामाला उभं राहायचं होतं आणि तुझ्याशी बोलल्याशिवाय माझा दिवस जात नव्हता. त्या गप्प राहण्याची लाज तुला नाही, मला वाटते. तिच्यासमोर वाटते.

मी मजेत आहे असं लिहिलं, ते खोटं होतं. सवड नव्हती हेही खोटं. मला सवडीशिवाय दुसरं काही नाही. केसर गेल्यापासून आठ आठ दिवस मी कुणाशी बोलत नाही. गुडघे ठणठणीत आहेत. तुझं जानेवारीतलं पत्र आलं तेव्हा मी पिशवी भरली होती. फेब्रुवारीतलं आलं तेव्हा परत भरली. दोन्ही वेळा मोटारस्टँडवर जाऊन बसलो आणि गाडी सोडून घरी आलो. तुमचा तो शेगडा, ती करवत, ती एकोणीस येडी माणसं, सगळं मला हवं होतं. पण या वयात मला ओंजळ धरायची नाही. तोटीखालीही नाही.

पुन्हा बोलावू नकोस. बोलावलंस की मी पिशवी भरतो.

जानराव

---

उंद्री
११ एप्रिल १९६४

जानराव,

तोटी काढली. मी एकट्यानं काढली, सगळे बसलेले असताना. भोक नीट बुजलं नाही, रांजण गळतो आहे, पण पाणी आहे.

मी त्यांना सांगितलं: जानराव येईल तेव्हा वरून, स्वतःच्या हातानं पाणी घेईल. ज्याला चालत नसेल त्यानं घरी बसावं. उकंडराव म्हणाले, अध्यक्ष बदलावा लागेल. मी म्हटलं, बदला. कोण येईल, कोण राहील, मला माहीत नाही. कदाचित तू, मी आणि शालिग्राम असे तिघेच असू. खोटं आश्वासन देत नाही.

तू नाही आलास तर मला बोलायला तोंड नाही. तरी बोलावतो. तुझ्या घरी येऊन, तुझं पाणी पिऊन मोकळा होईन असंही मनात आलं होतं. गोजरबाई म्हणाली, "ते सोपं हाय. अवघड ते इथं करा."

तिनं सांगितलंय, जेवण आतल्या घरात आहे.

उत्तम

---

साखरखेर्डा
८ मे १९६४

प्रिय उत्तम, आणि गोजरवहिनी,

सप्रेम जयभीम. काल दुपारी सुखरूप पोचलो. उत्तम, पत्र मोठ्यानं वाच, दोघांसाठी आहे.

पंधरा दिवस तिथे होतो, पण तुमच्यासमोर काही बोलता आलं नाही. कागदावर मला बरं जमतं.

पहिल्या दिवशी मी रांजणात गडवा बुडवला तेव्हा शेडात जे झालं ते तू पाहिलंसच, पण तू माझ्याकडे पाहत होतास आणि मी त्यांच्याकडे. उकंडरावांना एकदम मळ्यातल्या मोटेची आठवण झाली. एकाला पाहुणे आठवले. एकाच्या पोटात कळ आली. बघता बघता एका घोटात तेरा माणसं पांगली. एवढ्या जोराचं पाणी मी आयुष्यात प्यालो नव्हतो. शालिग्रामनं मान वर केली नाही. म्हणाला, "फिटर, तो शेगडा पाहा जरा, आवळत नाई." तेवढ्यावर माझे पाय जागेवर राहिले.

मला वाटलं होतं, ते तेराजण आता येत नाहीत. तुलाही वाटलं होतं. तू रोज घसा ताणून समतेवर भाषण करत होतास. कुणी ऐकत नव्हतं, कारण ऐकायला आम्ही सहाच होतो आणि आम्ही आधीच आलेलो होतो. पण चौथ्या दिवशी दयाराम आला. मग त्याचा भाऊ. मग आणखी तिघे. भाषणामुळे नव्हे बरं का. दयारामनं करवत ओढताना मला सांगितलं, "घरी करमूनच नाई राह्यलं गा. चार दिवस भिताडाकडं पाह्यलं. बाटलो तं बाटलो." एवढ्या वर्षांत संतांना, कायद्याला आणि पुढाऱ्यांना जे जमलं नाही, ते कंटाळ्यानं केलं. बाटायच्या भीतीपेक्षा घरी बसायची भीती मोठी निघाली. यात माणुसकी किती आणि करमत नाही किती, ते मी मोजत बसलो नाही. मी तरी तिथे दुसऱ्या कशासाठी आलो होतो?

उकंडराव शेवटपर्यंत आत आले नाहीत. घरचा तांब्या घेऊन दाराबाहेर बाजेवर बसत आणि तिथूनच पलंगाचा पाय कसा बसवावा ते ओरडून सांगत. निघायच्या दिवशी मी त्यांच्या पलंगाचा पाय बसवून दिला. त्यांनी पलंग हलवून पाहिला आणि म्हणाले, "पक्का झाला." पाणी प्यायचं म्हणाल तर अजून त्यांच्या तांब्यातलंच. बसू दे बाहेर. पावसाळ्यात बघू.

आता वहिनी. तुम्ही आतल्या घरात ताट वाढलंत, पाण्याचा पेला माझ्या हातात दिलात.  म्हणालात, "भाऊजी, तवा माहं चुकलंच." मी मान खाली घालून भाकरी मोडत राहिलो. तुम्हाला वाटलं असेल, माणूस किती घमेंडी. तसं नव्हतं. काही नाही, विसरा म्हणालो असतो तर ते केसरच्या वतीनं म्हणावं लागलं असतं, आणि तो अधिकार मला नाही. मी ते विसरलेलो नाही. विसरणारही नाही. पण तुम्ही आठवण ठेवलीत, आणि उत्तमला पत्र परत वाचायला लावलंत. माझ्या मनातलं कुणाला तरी ऐकू गेलं, याचं मला फार मोठं वाटलं.

काल मोटारीतून उतरून घरी चालत आलो. वाटेत सगळं मनात जुळवत होतो, कुठून सुरू करायचं, तेराजण कसे पळाले ते आधी सांगायचं की शेगड्याचं, आणि वहिनींनी आतल्या घरात बसवलं हे शेवटी सांगायचं. कुलूप काढलं, पिशवी ठेवली आणि हाक मारली, "केसर, ऐक तं."

मग खाली बसलो. ती गेल्यापासून रडलो नव्हतो, काल रडलो. ऐकायला घरात कोणी नव्हतं, म्हणून हे तुम्हाला लिहितो आहे.

सोमवारच्या गाडीनं येतो. भाजी अंबाडीची करा.

तुमचा,
जानराव